जामीनदाराची सही

भिंगबाई हे नाव त्यांना निवृत्तिवेतन कार्यालयात पडलं, आणि त्या निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी ते सुटलं नाही. अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. समोर आलेल्या कागदावरची सही आणि फायलीतली नमुन्याची सही शेजारीशेजारी ठेवायची, वर भिंग धरायचं आणि खाली शेरा मारायचा: जुळते, किंवा जुळत नाही. साहेब बदलले, टेबलं बदलली, छताचे पंखे दोनदा बदलले, पण भिंगबाईंचा शेरा कुणाला बदलता आला नाही. ‘बाई नाही म्हणाल्या’ एवढं ऐकलं की भलेभले मुकाट्याने परत फिरत.

नव्या माणसाला काम शिकवताना त्या सांगत, “अक्षराच्या वळणाकडे बघू नका. वळण कुणीही गिरवतं. थांबा शोधा. दुसऱ्याची सही करणारा मध्येच कुठेतरी थांबतो, नमुन्याकडे बघतो, आणि तेवढ्यात तिथे शाईचा ठिपका बसतो. आपली सही करताना माणूस थांबत नाही.”

ही विद्या त्यांना उमगली सोळाव्या वर्षी, आणि पहिली शिकार घरातलीच होती. धाकटी बहीण तेव्हा दहा वर्षांची. गणिताखाली लाल रेघ आली म्हणून तिने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकून दिली. थोरलीने ठिपका पाहिला आणि प्रगतिपुस्तक वडिलांच्या हातात नेऊन दिलं. धाकटीची शाळेची सहल हुकली. सहल तळ्यावर जाणार होती आणि धाकटीने आठ दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. थोरलीच्या नजरेचं मात्र घरात आठवडाभर कौतुक चाललं. या गोष्टीला बावन्न वर्षं झाली. धाकटी ते कधी बोलली नाही, आणि भिंगबाई आपण होऊन कशाला बोलतील?

तर ही धाकटी एका मंगळवारी सकाळी हातात फाइल घेऊन आली.

भिंगबाई मुलाच्या घरी राहत. आईला स्वतंत्र खोली आहे असं मुलगा सगळ्यांना सांगे. त्या स्वतंत्र खोलीत भिंगबाईंचा पलंग होता, घरादाराचं इस्त्रीचं टेबल होतं, आणि सूनबाईंची व्यायामाची सायकल होती, जिच्यावर आजवर ओल्या टॉवेलांशिवाय कुणी बसलं नव्हतं. खुर्चीवर कायम कपड्यांची चळत. आल्यागेल्याने पलंगावरच टेकायचं. धाकटी टेकली नाही, धपकन बसली.

“ताई, मी घर घेतेय.”

“भाड्याने? आता हे कितवं?”

“विकत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. तिसरा मजला. बाल्कनीत संध्याकाळचं ऊन येतं.”

धाकटीचा जन्म नगरपालिकेच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवण्यात गेला. लग्न केलं नाही आणि त्याची खंतही केली नाही. पाच घरं भाड्याने घेतली, पाच सोडली. सुट्टी लागली की ही पाठीला पिशवी लावून निघालीच. ‘तुझं पुढे कसं व्हायचं गं?’ हा प्रश्न भिंगबाईंनी तिला चाळीस वर्षं विचारला, आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाने त्यांना फार सुख दिलं होतं. आपलं सगळं जागच्या जागी आहे आणि धाकटीचं अधांतरी, हा त्यांच्या आयुष्याचा हिशोब होता.

“पैसे कुठले?” त्यांनी विचारलं.

“कर्ज.”

“या वयात? पेन्शनवर घराचं कर्ज मिळत नाही.”

“मिळतं की. पंचाहत्तरीपर्यंत फेडायचं, म्हणजे मला तेरा वर्षं. हप्ता निम्म्या पेन्शनच्या आत बसला पाहिजे, तो बसतोय. साठवलेलं थोडं आहे. एक जामीनदार हवा, तोही पेन्शनवाला चालतो.” धाकटीने फाइल मांडीवर थोपटली. “माझा जामीनदार तू.”

भिंगबाईंनी खुर्चीवरच्या चळतीतला एक कपडा ओढून घडी घालायला घेतला. दहा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या तेव्हा हातात मोठी रक्कम आली होती आणि दोन खोल्यांचं घर त्यांनी मनाशी नक्कीही केलं होतं. मुलगा म्हणाला होता, “आई, पेन्शनवाल्यांना कोण कर्ज देतं? त्यापेक्षा आपण एकत्र मोठं घेऊ.” मोठं घेतलं. रक्कम त्यात गेली. कागदपत्रं झाली तेव्हा तो म्हणाला, “तुझं नाव घातलं तर बँक मुदत कमी करते गं. नाव काय, घर तुझंच आहे.” जगभरच्या सह्यांवर संशय घेणाऱ्या बाईने तिथे भिंग काढलं नाही. दारावरच्या पाटीवर मुलाचं आणि सूनबाईंचं नाव लागलं, आणि तुझंच असलेल्या घरात इस्त्रीचं टेबल आलं.

तेवढ्यात सूनबाई दारात आल्या. बातमी ऐकून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. “मावशी, कमाल आहे हं तुमची! याला म्हणतात हिंमत.” दहा वर्षांत भिंगबाईंच्या वाट्याला सूनबाईंच्या दोन टाळ्या आल्या नव्हत्या. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण सुनेसमोर नाही म्हणायची सोय राहिली नाही.

“होईन की जामीन,” त्या म्हणाल्या. “त्यात काय?”

दोघी दुसऱ्या दिवशी बँकेत गेल्या. कर्ज खात्याचा अधिकारी टाय लावून बसला होता, आणि तो टाय दर दोन मिनिटांनी सैल करून पुन्हा आवळत होता. त्याने धाकटीची फाइल उलटून पाहिली, भिंगबाईंचं पेन्शनचं पासबुक पाहिलं. याच बँकेत त्यांची पेन्शन जमा होई, तेव्हा सहीचा नमुना इथेच होता. अधिकारी खूश झाला.

“मॅडम, तुमचा कागद म्हणजे चोख. असे जामीनदार मिळत नाहीत.”

भिंगबाईंनी घसा खाकरला. “सहज विचारते. मला मिळेल का घराचं कर्ज?”

“वय?”

“अडुसष्ट.”

“सात वर्षं राहतात.” त्याने बोटं यंत्रावर चालवली. “यात घर बसणार नाही हो. या वयात तुम्ही वाहनकर्ज बघा.”

“वाहन घेऊन कुठे जाऊ?”

तो हसला. मग माणूस तसा भला, म्हणून सहानुभूतीने म्हणाला, “तुम्ही निवृत्त झालात तेव्हाच यायचं ना? अठ्ठावन्न म्हणजे सतरा वर्षं मिळाली असती. आरामात बसलं असतं.”

धाकटी शेजारी बसून कागदांना टाचण्या लावत होती. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. भिंगबाईंनी ऐकलं. आरामात बसलं असतं! दहा वर्षं त्या ज्याला नियम समजत होत्या तो नियम नव्हताच. विचारायचं होतं फक्त. तलावावर शिट्ट्या फुंकणाऱ्या या बाईने विचारलं, आणि आपण, कार्यालयातल्या, कायदेकानू जाणणाऱ्या, आपण विचारलं नाही. मुलाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. सगळा राग शेजारी टाचण्या लावणाऱ्या बोटांवर जाऊन बसला.

“जामिनाचा फॉर्म घरी न्या, निवांत वाचा आणि सही करून द्या,” अधिकारी म्हणाला. “घाई नाही. पण घरमालकाने या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंतच वेळ दिलाय, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे.”

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “चल, लगेच घर दाखवते. इथून दहा मिनिटं.”

“जिने आहेत ना? माझा गुडघा.”

“गुडघ्याला काय झालं?”

“दुखतो,” भिंगबाई म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं.

पुढचे चार दिवस भिंगबाईंना बाल्कनीशिवाय दुसरं काही सुचेना. न पाहिलेली बाल्कनी त्यांना पाठ झाली. तिथे धाकटी खुर्ची टाकून बसलेली दिसे. पायावर पाय. हातात चहा. कपड्यांची चळत नाही, टॉवेल नाही, कुणी ‘आई, जरा सरकता का, इस्त्री करायचीय’ म्हणणारं नाही. दाराची किल्ली एकटीच्या पर्समध्ये. धाकटीला घर मिळू नये असं आपल्याला वाटतंय हे भिंगबाईंना स्वच्छ कळत होतं. आपल्याला न मिळालेलं तिला मिळू नये. इतकं साधं होतं ते, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. लाज वाटत नाही याचं मात्र आश्चर्य वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. त्यांनी इस्त्रीच्या टेबलावरचे कपडे बाजूला केले, फॉर्म पसरला आणि पेन घेतलं.

भिंगबाईंची सही सगळ्यांना माहीत होती. सुरुवातीला डावीकडून मोठी गाठ, मग चार अक्षरं एका दमात, शेवटी वर उडालेला फराटा आणि खाली सरळ रेघ. ही सही त्या कुठेही तशीच करत. नोकरीची पहिली बारा वर्षं धाकटी परगावच्या तलावावर होती, तेव्हा भिंगबाई तिला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहीत आणि ‘तुझी ताई’ लिहायचं सोडून खाली ही अख्खी सही करत, रेघेसकट. धाकटी उलट टपाली विचारी, ‘हे पत्र आहे की नोटीस?’

आता त्या विचारात पडल्या. अगदीच वेगळी सही केली तर टायवाला लगेच फोन करील. फार जवळची केली तर चालून जाईल. तपासणाऱ्याच्या कपाळाला बारीक आठी पडेल, तो भिंग उचलेल, पुन्हा ठेवील, पुन्हा उचलेल आणि नाइलाजाने ‘जुळत नाही’ लिहील, अशी सही हवी. हे माप भिंगबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी गाठ जराशी आवळली. तिसऱ्या अक्षरापाशी मुद्दाम पेन थांबवलं, ठिपका बसू दिला. फराटा वर उडवायच्या आत खाली पाडला. मग लांब धरून पाहिलं. उत्तम झाली होती. अडतीस वर्षांत शेकडो खोट्या सह्या पकडल्या, पण स्वतःची खोटी सही करायची वेळ आज आली. आणि ती आपल्याला पहिल्या फटक्यात जमली, याचा त्यांना क्षणभर अभिमानसुद्धा वाटला. मग हात धुवावेसे वाटले. धुतले.

आठवड्याने धाकटी फॉर्म घेऊन परत आली. कोपऱ्यात लाल शाईचा शेरा होता: जुळत नाही.

“काय गं हे?” ती म्हणाली. “माशी शिंकली बघ नेमकी इथेच.”

“बघू.” भिंगबाईंनी फॉर्म हातात घेतला, भिंग लावलं आणि न हसता म्हणाल्या, “तपासणाऱ्याचं बरोबर आहे. मीही हेच लिहिलं असतं.”

धाकटी फॉर्मकडे बघतच नव्हती. ती ताईच्या हातांकडे बघत होती. “हात थरथरतो का तुझा?”

“वय झालं आता.”

“डॉक्टरांकडे जाऊ या?”

“कर्जाचं बघ तू,” भिंगबाई म्हणाल्या.

धाकटीने कोरा फॉर्म उशीजवळ ठेवला. जाता जाता दारात थांबली, काहीतरी बोलणार होती, पण मागून सूनबाई आल्या आणि बाल्कनीत कुठली झाडं लावणार वगैरे चौकशी सुरू झाली. भिंगबाईंनी पलंगावर पडून डोळे मिटले.

कोरा फॉर्म उशीजवळून कपड्यांच्या चळतीखाली गेला. सोमवारी धाकटी आली तेव्हा भिंगबाई गाढ झोपल्या होत्या, सकाळी साडेदहाला. मंगळवारी तिचा आवाज खालून आला तशा त्या मागच्या जिन्याने औषधाच्या दुकानात गेल्या आणि तिथे तास काढला. गुडघ्यासाठी मलमही घेतलं, निदान खोट्याला पुरावा असावा म्हणून. शुक्रवार जवळ येत होता. आणखी दोन दिवस निघाले की दुसरं गिऱ्हाईक घर घेईल, आणि त्यात भिंगबाईंचा काही दोष असणार नाही. हात थरथरतो, वय झालं, एवढंच लोक म्हणतील.

बुधवारी धाकटी आलीच नाही. गुरुवारीही नाही. दाराची घंटा वाजली की भिंगबाई डोळे मिटून घेत, आणि दूधवाला निघाला की उघडत. न आल्याने त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं भलतंच. एवढ्यात हिने हात टेकले? दोन फेऱ्यांत? घर हवं होतं की नाही हिला? आपण हिच्यावर जळून जळून अर्ध्या झालो आणि ही खुशाल सोडून देते म्हणजे काय!

शुक्रवारी भिंगबाईंना बँकेत जावंच लागलं. हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख होती. वर्षातून एकदा पेन्शनवाल्याने स्वतः खिडकीशी उभं राहून आपण जिवंत आहोत असं सही करून सांगायचं, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. रांग दारापर्यंत आली होती. सगळे म्हातारे एकमेकांना, ‘आहात अजून?’ असं विचारत हसत होते.

“मॅडम! बरं झालं आलात.” टायवाला आतल्या टेबलामागून हात हलवत होता. “एक मिनिट या इकडे.”

त्याच्या समोरच्या खुर्चीत धाकटी बसली होती.

तिने मान वर केली, ताईला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. हा चेहरा भिंगबाईंनी पूर्वी एकदाच पाहिला होता, वडील प्रगतिपुस्तक उघडत होते तेव्हा.

“तुमचा नवा फॉर्म आज आला,” अधिकारी म्हणाला. “आता सही जुळली, शेराही आला. पण पहिली जुळली नव्हती, आणि तुम्ही समोर आहात, तर विचारलेलं बरं. ही तुमचीच ना?”

त्याने तीन कागद ओळीने मांडले. डावीकडे खातं उघडतानाचा नमुना. मध्ये लाल शेऱ्याचा पहिला फॉर्म. उजवीकडे नवा.

नवा कोरा फॉर्म भिंगबाईंच्या खोलीत कपड्यांखाली होता. म्हणजे हा दुसरा. त्यांनी पर्समधून भिंग काढलं आणि वाकल्या. डावीकडून मोठी गाठ. चार अक्षरं एका दमात. त्यांनी थांबा शोधला. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. पुन्हा मागे आल्या. ठिपका नव्हता. कुठेच नव्हता. फराटा असा वर उडालेला, की पेन कागदावरून उचलतानाचा झटका डोळ्यांना दिसावा. खाली रेघ, सरळ, ठाम. अशी सही करायची तर हाताने ती शेकडो वेळा पाहिलेली असावी लागते. बारा वर्षांच्या पत्रांखाली पाहिलेली असावी लागते. नमुन्याकडे बघायची हिला गरजच पडली नव्हती.

‘जुळत नाही’ म्हणायचं नव्हतंच. ‘माझी नाही’ एवढं पुरे होतं. दोन शब्द, तेही खरे. घर गेलं, कर्ज गेलं, वर धाकटीची बँकेत शोभा झाली असती. बाल्कनीतली खुर्ची रिकामी झाली असती. इतके दिवस भिंगबाई ज्याची वाट पाहत होत्या ते टेबलावर आयतं येऊन पडलं होतं, आणि त्यांना फक्त आपलं अडतीस वर्षांचं काम करायचं होतं.

धाकटीने नजर खाली घातली नव्हती. दहाव्या वर्षी घातली होती. आता ती सरळ ताईकडे बघत होती, आणि विनवणी वगैरे काही करत नव्हती.

“माझीच,” भिंगबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्याने श्वास सोडला. “आणि मग ही पहिली?”

“ती खोटी.”

“अहो!” त्याचा हात टायकडे गेला. “कुणी केली?”

“मीच. बरी नव्हती तेव्हा मी. खोटीच झाली.” त्यांनी मधला कागद उचलला आणि त्याच्या पुढ्यात सरकवला. “फाडा तो. ठेवण्यासारखा नाही.”

अधिकाऱ्याला यातलं निम्मंच कळलं, पण त्याला तेवढं पुरलं. ‘जामीनदाराला समक्ष विचारले’ असं लिहून त्याने फाइलवर शिक्का मारला. “अभिनंदन,” तो धाकटीला म्हणाला. धाकटीने मान हलवली.

दोघी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. समोर पेन्शनची रांग सरकत होती.

“तुला कळलं होतं?” भिंगबाईंनी विचारलं.

“पहिला फॉर्म पाहिला तेव्हाच. तू चुकून कधी चुकत नाहीस, ताई.”

“मग भांडलीस का नाही?”

“तू रुसली होतीस. तुझा रुसवा उतरायला तीन महिने लागतात, आणि घरमालक शुक्रवारच्या पुढे थांबेना.” धाकटी आता कुठे थोडी हसली. मग हसू गेलं. “तू येशील असं वाटलं नव्हतं गं. आत तू भिंग काढलंस तेव्हा मला वाटलं, झालं. यंदाचीही सहल गेली.”

भिंगबाईंना एकदम रडू आलं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला. “मला तुझा हेवा वाटतो,” त्या म्हणाल्या. “अजून वाटतो. आत ‘माझीच’ म्हटलं म्हणून गेला नाही तो. पोटात नुसती आग पडलीय. तुला घर, तुला बाल्कनी, माझ्या सुनेच्या टाळ्यासुद्धा तुला.”

“हं.”

“आणि वर माझी सहीसुद्धा तुलाच चांगली जमते. एक ठिपका नाही. कुठे धरू तुला?”

धाकटीने बाकावर थोडं सरकून ताईला नीट बसायला जागा दिली, आणि पाच मिनिटांनी म्हणाली, “तुझा नंबर आला.”

खिडकीतल्या कारकुनाने हयातीचा दाखला पुढे केला. भिंगबाईंनी सही केली. कारकुनाने ती पाहिली, समोरच्या पडद्यावरचा नमुना पाहिला, चष्मा वर केला आणि मान हलवली.

“बाई, सही जुळत नाही.”

हे वाक्य भिंगबाईंनी हजारो वेळा लिहिलं होतं. कुणी त्यांना ऐकवलं नव्हतं. “खरी आहे हो,” त्या म्हणाल्या. “माझ्याच हाताने, तुमच्यासमोर केलीय.”

“तुमचीच असेल. जुळत नाही एवढंच. पुन्हा करा.”

त्यांनी पुन्हा केली. या वेळी नीट, सावकाश, एकेक वळण सांभाळत. गाठ डगमगली, तिसऱ्या अक्षरापाशी पेन अडखळलं, आणि तिथे ठिपका बसला. मुद्दाम नव्हे. भिंगबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. दहा वर्षांत कागदावर सही करायची वेळ किती वेळा आली असेल? हात कधी म्हातारा झाला ते त्यांना कळलंच नव्हतं. म्हणजे त्या दुपारी त्यांनी मनापासून खरी सही केली असती, तरी कदाचित फॉर्म परतच आला असता.

“नाही हो,” कारकून म्हणाला. मागे रांगेतून कुणीतरी ओरडलं, “काय झालं, जिवंत नाहीत का बाई?”

धाकटी मागून पुढे वाकली आणि ताईच्या कानात अगदी हळू म्हणाली, “मी करून देऊ का?”

भिंगबाईंनी वळून तिच्याकडे असं काही पाहिलं, की दुसरी कुणी असती तर दोन पावलं मागे गेली असती. आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. पेन हातात धरवेना. खिडकीच्या कठड्याला धरून त्या हसत राहिल्या, धाकटी त्यांच्या पाठीवर डोकं टेकून हसत राहिली, आणि मागची सगळी रांग या दोन म्हाताऱ्यांना काय झालं म्हणून माना उंच करून बघायला लागली. हसत हसतच भिंगबाईंनी कागद पुढे ओढला आणि कशाकडेही न बघता तिसऱ्यांदा सही करून टाकली.

कारकुनाने पाहिली. “ही चालेल,” तो म्हणाला आणि शिक्का मारला.

बाहेर ऊन उतरत होतं. भिंगबाई पायरीवर थांबल्या. “कुठल्या बाजूला आहे ते तुझं घर?”

“डावीकडे, दहा मिनिटं. पण तिसरा मजला आहे. तुझा गुडघा?”

“गुडघ्याला काही झालेलं नाही,” भिंगबाई म्हणाल्या. “तुझं घर बघवणार नव्हतं मला.”

“माहीत आहे गं,” धाकटी म्हणाली, आणि ताईची पर्स आपल्या खांद्याला अडकवून डावीकडे वळली.